पाच ताप आणि एक बाटली लघवी

गेल्या दिवाळीत दादाकडे गेले तेव्हा हॉलमध्ये सतरंजी टाकून भाचीची सगळी फाइल पसरून बसले, पिवळी पडलेली प्रिस्क्रिप्शनं, लसीकरणाचं कार्ड, सलाईनची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, काही तर नुसत्या चिठ्ठ्या, ते सगळं तारखेप्रमाणे लावत गेले आणि मग बराच वेळ तशीच बसून राहिले. मी अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज पन्नास-साठ लघवीची सॅम्पल माझ्या हाताखालून जातात, आणि माझ्याच भाचीची लघवी पहिल्यांदा नीट तपासली गेली तेव्हा ती दोन वर्षं दहा महिन्यांची होती आणि तिची उजवी किडनी तोपर्यंत खराब झालेली होती. दादा-वहिनींना विचारून लिहितेय, नावगाव देत नाही, पण बाकी सगळं जसं घडलं तसं.

पहिला ताप सातव्या महिन्यात. तीन दिवस १०३ पर्यंत जात होता, सर्दी नाही, खोकला नाही, पोर फणफणलेली आणि दूध पीत नव्हती. आमच्या आईने दृष्ट काढली, मीठ-मोहरी ओवाळून टाकली, शेजारच्या काकू म्हणाल्या दात येतायत, डॉक्टरांनीही हिरड्या बघून तेच सांगितलं आणि अँटिबायोटिकचं सिरप दिलं. ताप उतरला. सगळ्यांना वाटलं दातच होते. दात येताना अंग थोडं कोमट लागतं हे खरं, पण १०३ ताप दाताने येत नाही, हे मला माहीत होतं आणि तेव्हा फोनवर मी ते बोलले नाही, कारण ताप उतरला होता आणि उतरलेल्या तापाबद्दल कोण बोलतं.

दुसरा अकराव्या महिन्यात, बरोबर उलट्या होत्या म्हणून गॅस्ट्रो ठरला, एक रात्र ॲडमिट, सलाईन आणि इंजेक्शन. तिसरा दीड वर्षाची असताना, त्या वेळी रक्त तपासलं होतं, पांढऱ्या पेशी १९,८०० आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, वाढलेला, म्हणजे शरीरात कुठेतरी बॅक्टेरिया असावेत असं कागदावर दिसत होतं, फक्त कुठे आहेत ते कोणी शोधलं नाही. इंजेक्शनं झाली, ताप गेला. चौथा दोन वर्षं एक महिन्याची असताना, आणि हा रिपोर्ट हातात आल्यावर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्या वेळी लघवी तपासली होती, कल्चरसुद्धा केलं होतं, पण अँटिबायोटिक सुरू होऊन दोन दिवस झाल्यावर. रिपोर्टमध्ये पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, ८ ते १०, कल्चर नो ग्रोथ. त्यावर पेनाने बरोबरची खूण आणि शेजारी लिहिलेलं, युरीन नॉर्मल.

आता हे जरा नीट सांगते कारण माझं सगळं काम इथेच आहे. कल्चर म्हणजे आपण लघवीचा थेंब प्लेटवर पसरून बॅक्टेरिया वाढतात का ते बघतो. अँटिबायोटिकचे एक-दोन डोस पोटात गेले की लघवीतले बॅक्टेरिया मरतात किंवा दबतात, मग प्लेट स्वच्छ दिसते, पण त्याचा अर्थ इन्फेक्शन नव्हतं असा होत नाही, त्याचा अर्थ आपण उशिरा बघितलं इतकाच. म्हणून लघवी आधी धरायची आणि औषधाचा पहिला डोस नंतर द्यायचा. पोर फारच आजारी असेल तर हॉस्पिटलमध्ये नळी घालून दोन मिनिटांत सॅम्पल घेतात आणि लगेच इंजेक्शन सुरू करतात, म्हणजे औषधाला उशीरही होत नाही. आणखी एक, बाळाला चिकटवायची जी प्लास्टिकची पिशवी असते तिच्यातलं सॅम्पल कल्चरला जवळजवळ निरुपयोगी, कातडीवरचे बॅक्टेरिया त्यात पडतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं. पिशवीतली लघवी साध्या तपासणीत स्वच्छ निघाली तर तेवढा दिलासा घेता येतो, पण पिशवीच्या कल्चरवर विसंबून इन्फेक्शन आहे असं ठरवू नये. नीट धरलेल्या मधल्या धारेत एका मिलीला एक लाख किंवा जास्त एकाच जातीचे बॅक्टेरिया निघाले तर ते इन्फेक्शन, नळीने घेतलं असेल तर पन्नास हजारही पुरतात. सॅम्पल तासाभरात लॅबला पोचवायचं नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचं, कारण उन्हात बाटली पिशवीत घेऊन दोन तास एसटीत बसलात तर बॅक्टेरिया वाटेतच दुप्पट-चौपट होत जातात. हे मी काउंटरवर रोज सांगते.

पाचव्या तापाला मी तिथे होते, गावच्या यात्रेला गेले होते. संध्याकाळी पोर अंगणात खेळता खेळता मध्येच खाली उकिडवी बसायची, एक टाच घट्ट खाली दाबून धरायची, चेहरा लाल, दहा-पंधरा सेकंद तशीच, आणि मग उठून परत पळायची. वहिनी म्हणाल्या, ती असंच करते ताई, तिची सवय आहे ती. पण ती सवय नव्हती, ती शू दाबत होती. मूत्राशय आकुंचन पावायला लागलं की पोर टाचेने खालचा रस्ता बंद करते. मुलांच्या डॉक्टरांना ही बसण्याची पद्धत लांबून ओळखू येते, आम्हाला घरातल्या चार मोठ्या माणसांना आली नाही. चड्डी कायम थोडी ओली, शी तीन-चार दिवसांनी एकदा आणि तीही खड्यासारखी, रडत. रात्री अकराला हुडहुडी भरून ताप, १०४. दादा पॅरासिटामॉल शोधत होता, घरात मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही होतं आणि आई म्हणत होती ते दे, मागच्या वेळी लगेच गुण आला होता. मी म्हटलं पॅरासिटामॉल दे दादा, दुसरं काही देऊ नको. माझ्या बॅगेत स्टराइल बाटल्या असतातच. पोरीला स्वच्छ पाण्याने धुतलं, वहिनींनी मांडीवर धरलं, नळ बारीक सोडून ठेवला, पंचवीस मिनिटं गेली पण मधल्या धारेची लघवी मिळाली. गढूळ होती आणि वास उग्र. फ्रीजमध्ये ठेवली, पहाटे बर्फाच्या डब्यात घालून तालुक्याच्या लॅबला दिली, आणि दादाने पोरीला तसंच पुढे हॉस्पिटलला नेलं.

ई कोलाय, एक लाखाच्या वर. लहान मुलांच्या अशा इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा हाच बॅक्टेरिया असतो, आतड्यातलाच. पण सेन्सिटिव्हिटीची पट्टी, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल त्याची यादी, वाचून मी गप्प झाले, सेफिक्झिम रेझिस्टंट, अमॉक्सिक्लॅव रेझिस्टंट, म्हणजे गेल्या चार तापांत तिला जे जे दिलं होतं ते सगळं आता निकामी. नायट्रोफ्युरँटॉइन चालत होतं पण ते किडनीत ताप आणणाऱ्या इन्फेक्शनला पुरत नाही, ते लघवीत पोचतं, किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. शेवटी अ‍ॅमिकॅसिनची इंजेक्शनं दहा दिवस, मध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघत बघत, कारण ते औषध किडनीलाही आणि कानालाही जपून द्यावं लागतं.

सोनोग्राफीत डावी किडनी ७.९ सेंटिमीटर, उजवी ५.१. या वयाला सात सव्वासातच्या आसपास असायला हवी, म्हणजे उजवी आखडलेली आणि डावी तिचं काम अंगावर घेऊन मोठी झालेली. मूत्राशयाची भिंत जाड, शू झाल्यावरही २५ मिली आत शिल्लक.

मग एमसीयू. या तपासणीला आईबाप खूप घाबरतात म्हणून सांगते काय असतं. बारीक नळी मूत्राशयात घालतात, एक्स-रेत दिसणारं औषध बाटलीतून नुसत्या उतारावर आत सोडतात, आणि मूत्राशय भरल्यावर पोरीला टेबलावर झोपूनच शू करायला लावतात आणि ती करत असताना फोटो घेतात. भूल देत नाहीत, कारण शू तिने स्वतः करायला हवी. या वयात मूत्राशयात साधारण किती मावतं त्याचा सोपा हिशेब आहे, वयात दोन मिळवा आणि तिसाने गुणा, म्हणजे तीन वर्षांच्या पोरीला दीडशे मिली. वहिनी शिशाचा एप्रन घालून डोक्याशी उभ्या होत्या, पोर शू करायलाच तयार नव्हती, इतकी दाबायची सवय, शेवटी वहिनींनी कोमट पाणी पायांवर ओतलं आणि कानाशी नेहमीसारखं शूऽऽ शूऽऽ केलं तेव्हा सुटली. आणि स्क्रीनवर ते पांढरं औषध खाली यायच्या ऐवजी दोन्ही बाजूंनी वर चढलं. उजवीकडे नळी वाकडीतिकडी फुगून थेट किडनीत, पाचपैकी ग्रेड ४. डावीकडे किडनीपर्यंत पण काही न फुगवता, ग्रेड २.

रिफ्लक्स म्हणजे एवढंच. लघवी किडनीतून मूत्रवाहिनीने खाली मूत्राशयात येते आणि परत वर जाऊ नये म्हणून निसर्गाने एक साधी सोय केलीय, मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही, भिंतीतून तिरपी, थोडं अंतर आतून सरकत जाते. मूत्राशय भरलं की तो आतला तुकडा आपोआप दाबला जातो आणि बंद होतो. हा बोगदा नळीच्या रुंदीच्या साधारण पाच पट लांब असावा लागतो. काही मुलांत तो जन्मतःच आखूड असतो. मग शू करताना लघवी वर जाते, आणि लघवीत बॅक्टेरिया असतील तर तेही लिफ्टने गेल्यासारखे थेट किडनीत. तिथे सूज, पू, आणि बरं होताना व्रण, म्हणजे स्कार. तो भाग परत किडनीचं काम करत नाही. व्रण बहुतेक करून किडनीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पडतात कारण तिथल्या लघवी बाहेर सोडणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडं अशी असतात की उलटी लघवी आत घुसू शकते. या सगळ्याला रिफ्लक्स नेफ्रोपॅथी म्हणतात, हा शब्द १९७३ मध्ये न्यूझीलंडच्या रॉस बेली यांनी दिला. तापाने आजारी पडलेल्या आणि लघवीत इन्फेक्शन सापडलेल्या दर तीन-चार मुलांत एकाला रिफ्लक्स निघतो, म्हणजे हे काही दुर्मिळ नाही. बरेच ग्रेड १-२ चे रिफ्लक्स पोर वाढेल तसा बोगदा लांबत जाऊन काही वर्षांत आपोआप थांबतात. ग्रेड ४-५ कमी वेळा.

पाच महिन्यांनी पुण्याला डीएमएसए स्कॅन. इतके थांबले कारण ताज्या इन्फेक्शनची सूज आणि कायमचा व्रण यातला फरक नंतरच कळतो. शिरेतून किरणोत्सारी औषधाचं छोटं इंजेक्शन, दोन-तीन तास थांबायचं, मग कॅमेऱ्याखाली न हलता पडून राहायचं, वहिनींनी तिला मोबाईलवर गाणी लावून दिली. किती टक्के काम कुठली किडनी करते ते त्यात दिसतं, निम्मंनिम्मं असायला हवं, ४५ ते ५५ मध्ये काहीही चालतं. आमचं उजवी २४, डावी ७६, उजव्या किडनीच्या दोन्ही टोकांना फोटोत जागा रिकामी. दादाने तो काळा कागद खिडकीत उजेडाला धरला आणि म्हणाला, हे चावल्यासारखं दिसतंय गं.

तो त्या दिवशी गाडीत सारखा एकच विचारत होता, पहिल्याच तापाला लघवी बघितली असती तर? मी त्याला खरं सांगितलं आणि इथेही तेच लिहिते, नक्की कोणीच सांगू शकत नाही. मोठ्या ग्रेडच्या रिफ्लक्समध्ये काही किडन्या जन्मतःच लहान आणि कच्च्या बनलेल्या असतात, मुलग्यांत तर हे जास्त दिसतं, त्यात इन्फेक्शनचा हात नसतो. पण हिच्या वेळी गरोदरपणातल्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नॉर्मल लिहिल्या होत्या, आणि पहिले चारही ताप अंदाजाने हाताळले गेले, प्रत्येक वेळी योग्य औषध सुरू व्हायला दोन-तीन दिवस गेले. ताप सुरू झाल्यापासून औषधाला ४८ तासांपेक्षा जास्त उशीर झाला की व्रणाची शक्यता वाढते हे अभ्यासांत दिसलेलं आहे. माझ्या मनाने म्हणाल तर यातला मोठा भाग वाचला असता. पण यात कोणा एका डॉक्टरकडे बोट दाखवून उपयोग नाही, ते चार ताप चार वेगवेगळ्या ठिकाणी बघितले गेले, प्रत्येकासमोर फक्त एक ताप होता आणि सगळे कागद एकत्र कोणाकडेच नव्हते. आमच्याकडेही नव्हते, ते तीन पिशव्यांत होते.

पुढे काय करायचं यावर घरात बरीच वादावादी झाली. डॉक्टरांनी रोज रात्री झोपताना अँटिबायोटिकचा छोटा डोस सांगितला. आई म्हणाली इतक्याशा पोरीला रोज गोळ्या? दादा म्हणाला, आत्ताच तर म्हणालीस बॅक्टेरिया औषधांना जुमानत नाहीत, मग रोज देऊन आणखी जुमानणार नाहीत ना? त्याचा प्रश्न बरोबर होता. अमेरिकेत यावर मोठा प्रयोग झालाय, २०१४ मध्ये छापून आला, ६०७ मुलं, निम्म्यांना दोन वर्षं रोज औषध आणि निम्म्यांना नुसतं गोड सिरप. औषधवाल्यांत परत इन्फेक्शन होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं, पण नवीन व्रणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि औषध चालू असताना जे इन्फेक्शन झालं त्यातले बॅक्टेरिया रेझिस्टंट निघण्याचं प्रमाण ६३ टक्के, नुसत्या सिरपवाल्यांत १९. म्हणजे कमी ग्रेडच्या, दाबून न ठेवणाऱ्या मुलाला कदाचित नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. पण आमच्या पोरीकडे गमवायला उजव्या किडनीचे २४ टक्केच उरले होते आणि डावीकडेही रिफ्लक्स होता, त्यामुळे द्यायचं ठरलं. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

खरा फरक मात्र दुसऱ्याच गोष्टीने पडला आणि तिच्याकडे लोक लक्ष देत नाहीत. बद्धकोष्ठ. शीने भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून दाबतं, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत बॅक्टेरिया वाढतात, आणि दाबून धरायच्या सवयीने आतला दाब वाढून रिफ्लक्सही वाढतो. रिफ्लक्स आणि ही दाबायची-खडा धरायची तक्रार दोन्ही असलेल्या मुलांत इन्फेक्शन परत परत होतं, एकटा रिफ्लक्स असलेल्यांपेक्षा किती तरी जास्त. तर पोरीला शी मऊ करायची पावडर महिनोन्‌महिने, आठवड्यापुरती नाही, दर दोन-अडीच तासांनी शूला बसवायचं, लागली असो नसो, कमोडवर पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, खाली पाट ठेवायचा, आणि झाल्यावर उठून दोन मिनिटांनी परत बसवायचं. खरी अडचण बालवाडीत होती. तिथला संडास अंधारा आणि कडी आतून अडकायची, म्हणून पोर सकाळी नऊ ते एक शूच करत नव्हती आणि पाणीही पीत नव्हती, शू लागेल म्हणून. हे तिने आम्हाला सांगितलं नाही, वहिनी एक दिवस बाईंना भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी स्वतः बघितलं. बाईंनी कडी काढून टाकली, दिवा लावून घेतला आणि अकरा वाजता सगळ्याच मुलांना रांगेने न्यायला सुरुवात केली. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

तरी दोनदा औषध चालू असताना ताप आलाच, साडेतीन आणि पावणेचार वर्षांची असताना. दोन्ही वेळा लघवी आधी धरली, दोन्ही वेळा पहिल्या चोवीस तासांत बरोबर औषध सुरू झालं. पण औषध असून इन्फेक्शन फुटतंय म्हटल्यावर ऑपरेशनचा विषय निघाला. एक पर्याय होता दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेल टोचायचा, कापाकापी नाही, एका दिवसात घरी, पण मोठ्या ग्रेडला यश कमी आणि कधी कधी परत टोचावं लागतं. दुसरा, मूत्राशय उघडून दोन्ही नळ्या नव्याने लांब बोगद्यातून बसवायच्या, याचं यश ९५ टक्क्यांच्या वर आहे. दादाने दुसरा निवडला. चार वर्षं एक महिन्याची असताना झालं. पहिले तीन दिवस वाईट गेले, लघवीची नळी, लाल लघवी, आणि मूत्राशयात कळा येऊन पोर धनुष्यासारखी ताठ व्हायची. सहाव्या दिवशी घरी. त्यानंतर आजतागायत एकही लघवीचा ताप नाही.

आता या केसचा तो भाग ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

पहिल्याच भेटीत किडनीच्या डॉक्टरांनी वहिनींना विचारलं होतं, तुमच्यात किंवा माहेरी कोणाला लहानपणी युरीन इन्फेक्शन? वहिनी म्हणाल्या नाही. त्यांनी हे विचारलं कारण रिफ्लक्स घराण्यात चालतो, रिफ्लक्स असलेल्या मुलाच्या भावंडांत साधारण चारात एकाला निघतो आणि आईबापांपैकी कोणाला असेल तर मुलांत तीनात एकाला. पण वहिनी नाही म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी वहिनींना परत दिवस गेले. चौथ्याच महिन्यात बीपी १५०/९६. पहिल्या वेळीही वाढलं होतं पण शेवटी शेवटी, आणि बाळंतपण झाल्यावर गोळी बंद केली ती कोणी परत बीपी बघितलंच नाही. या वेळच्या डॉक्टरबाई हुशार, त्या म्हणाल्या वीस आठवड्यांच्या आधी वाढलेलं बीपी गरोदरपणाचं नसतं, ते आधीपासूनचं असतं. लघवीत प्रोटीन, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर शेजारी छापलेली रेंज ०.६ ते १.२, म्हणजे कागदाप्रमाणे नॉर्मल. पण गरोदर बाईचं क्रिएटिनिन खाली येतं, ०.८ च्या वर गेलं तर विचार करायचा असतो. असाच घोळ लहान मुलांत होतो, आमच्या पोरीची उंची १०४ सेंटिमीटर असताना क्रिएटिनिन ०.५ होतं, उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागलं की किडनीचं काम कळतं, ८६ आलं, ठीक. तेच ०.८ असतं तर ५४ आलं असतं, म्हणजे किडनीचं काम बरंच कमी, आणि मोठ्या माणसाची रेंज छापलेला कागद त्यालाही नॉर्मलच म्हणाला असता. आमच्या लॅबमध्ये मी सरांच्या मागे लागून मुलांची रेंज वेगळी छापायला लावली.

वहिनींची सोनोग्राफी झाली, उजवी किडनी ९.८, डावी ७.१, काठ खाचखळग्यांचे. त्या रात्री त्यांच्या आई आल्या होत्या, मी त्यांना युरीन इन्फेक्शन हा शब्द न वापरता विचारलं, मावशी, वहिनींना लहानपणी उन्हाळी लागायची का हो? त्या म्हणाल्या, सारखीच की गं, दर उन्हाळ्यात नाही, बारमाही लागायची, थंडी वाजून ताप यायचा, मी धने-जिऱ्याचं पाणी द्यायची, गोखरूचा काढा द्यायची, नववीपर्यंत अंथरूण ओलं करायची, मी मारलंय गं तिला त्यासाठी. आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. वहिनी त्यांचा हात धरून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, आई, तुला काय माहीत होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ताई, डॉक्टरांनी मला इन्फेक्शन विचारलं होतं, उन्हाळी कुठे विचारली.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नेमकं काय होतं ते आता सिद्ध करता येणार नाही, रिफ्लक्स असलाच तर वाढत्या वयात थांबूनही गेला असेल आणि मागे फक्त व्रण राहिले असतील. डॉक्टर बहुतेक म्हणतात. मला बहुतेकच्या पुढे जायची गरज वाटत नाही. छत्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं, मुलगा, २.३ किलो. तीन महिन्यांनी वहिनींचं क्रिएटिनिन १.४, वय २९, म्हणजे किडनीचं काम जवळजवळ निम्म्यावर, ५२ च्या आसपास. आता त्यांची बीपीची गोळी कायम आहे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

पोरीलाही गोळी सुरू झालीय. पाचव्या वाढदिवसानंतर तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी ११४/७६ आलं, जे मोठ्यांत कोणी बघणारही नाही पण पाच वर्षांच्या मुलीला जास्त आहे. तेही लहान मुलांचा पट्टा असलेल्या ठिकाणी घेतलं म्हणून कळलं, मोठ्यांचा पट्टा बारीक दंडाला गुंडाळला की आकडा कमी दाखवतो. व्रण असलेली किडनी बीपी वाढवते आणि वाढलेलं बीपी चांगल्या किडनीलाही खातं, म्हणून ही गोळी तिच्या डाव्या किडनीसाठी आहे. जुलाब-उलट्या झाल्या की ती गोळी बंद ठेवून आधी फोन करायचा, हे वहिनींनी फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. दर वर्षी लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, उंची-वजन. ऑपरेशननंतर एका वर्षाने परत डीएमएसए केला, उजवी २३. गेलेलं परत आलं नाही पण पुढेही गेलं नाही.

बाळाची सोनोग्राफी जन्मानंतर केली, नॉर्मल आली, म्हणून लगेच एमसीयू केला नाही, डॉक्टर म्हणाले ताप आला तर लघवी बघा, मग ठरवू. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला वहिनींचा फोन, बाळाला १०२ आहे, नाक वाहत नाही. मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, ताई, बाटली उकळायची नसते ना, सीलबंद आहे तीच उघडते. थंड पाण्यात भिजवलेला कापूस ओटीपोटावर गोल गोल फिरवत बसल्या, दादा बाटली धरून, आणि भाची बाजूला उभी राहून कानाशी शूऽऽ शूऽऽ करत होती. सातव्या मिनिटाला मिळाली. दुधाच्या पिशवीशेजारी फ्रीजच्या दारात रात्रभर बाटली, वर नाव, तारीख, वेळ आणि खाली वहिनींच्या अक्षरात, औषध दिलेलं नाही.

प्लेट मी स्वतः लावली. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशीही काही नाही. तोपर्यंत बाळाच्या अंगावर पुरळ आलं होतं आणि ताप उतरला होता, व्हायरलच होता. मी रिपोर्टवर नो ग्रोथ टाइप केलं, सही घेतली आणि फोटो काढून वहिनींना पाठवला.